घरी वाय-फाय राउटर बसवताना: जागा आधी, जोडणी नंतर

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतच नव्हे, तर रस्त्याकडेच्या अनेक खेड्यांतही आता ब्रॉडबँडची फायबर वायर दारापर्यंत येऊन पोहोचते. जोडणी मागवली की कंपनीचा किंवा स्थानिक केबलचालकाचा माणूस येतो, दरवाजाजवळ जो पहिला सॉकेट दिसेल त्याच्याशेजारी राउटर टांगतो, मोबाइलवर एकदा वेग दाखवतो आणि निघून जातो. पुढे आतल्या खोलीत मुलांचा ऑनलाइन तास अडकू लागला की घरची मंडळी महागडा प्लॅन घेतात, आणि तरीही तक्रार तशीच राहते, कारण अडचण बहुतेक वेळा प्लॅनमध्ये नसून राउटरच्या जागेत असते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने सांगितले आहेत तो क्रम शक्यतो मोडू नये: आधी जागा, मग वीजपुरवठा, त्यानंतर वायर आणि सर्वांत शेवटी सेटिंग.

जागा कशी ठरवावी

वाय-फायच्या लहरी भिंतीतून जाताना क्षीण होतात, आणि किती क्षीण होतील हे भिंत कशाची व किती जाड आहे यावर अवलंबून असते. पैठण किंवा अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीतील वाड्यांना दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती असतात. अशा एका भिंतीपलीकडेच संकेत निम्म्याहून कमी उरतो आणि दोन भिंती ओलांडल्यावर फारसे काही शिल्लक राहत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत नव्याने वसवलेल्या गावांतील काँक्रीटच्या घरांत भिंती पातळ असल्या, तरी स्लॅबमधील लोखंडी सळ्या वरच्या मजल्याकडे जाणारा संकेत अडवतात. पत्र्याच्या घरात गोष्ट आणखी वेगळी असते: एकाच मोठ्या खोलीत संकेत उत्तम मिळतो, पण पत्र्याच्या आडोशापलीकडे तो जवळजवळ पोहोचत नाही, कारण धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेला पिंप हेही अडथळेच आहेत. टीव्हीच्या मागे किंवा कपाटाच्या वर राउटर दडवून ठेवण्याची सवय त्यामुळे सोडावी.

योग्य जागा म्हणजे घराच्या साधारण मध्यावरची, जमिनीपासून पाच-सहा फूट उंच आणि चहूबाजूंनी मोकळी. जुन्या घरात ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या वरची भिंत पुष्कळदा उपयोगी पडते, कारण दार उघडे असताना लहरींना दोन्हीकडे वाट मिळते. भिंतीतील कोनाडा मात्र टाळावा. तो सोयीचा दिसतो, पण राउटर तीन बाजूंनी दगडात बसतो.

जागा निवडताना अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. वायर टाकणारा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी एक मोबाइल त्या ठरवलेल्या जागी ठेवून त्यावर हॉटस्पॉट सुरू करावा, दुसरा मोबाइल त्या हॉटस्पॉटला जोडावा आणि मग स्वयंपाकघर, अभ्यासाची खोली, वरचा मजला, अंगण असे सर्वत्र फिरून वाय-फायच्या रेषा किती उरतात ते पाहावे. मोबाइलचा संकेत राउटरपेक्षा दुबळा असतो, त्यामुळे या चाचणीत जिथे दोन रेषा टिकतात तिथे राउटर लावल्यावर काम निश्चितच चांगले चालते. दोन-तीन जागा अशा रीतीने पडताळून पाहिल्या की दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला कुठे छिद्र पाडायचे हे ठामपणे सांगता येते. त्याच्याजवळ वायर थोडी जास्त लागेल म्हणून तो कुरकुर करण्याची शक्यता आहे. तरी आग्रह सोडू नये. दहा-पंधरा मीटर जादा वायरीचा खर्च एकदाच होतो, चुकीच्या जागेचा त्रास मात्र रोजचा असतो.

वीजपुरवठा, ऊन आणि वळवाचा पाऊस

जागा ठरली की तिथे वीज कशी मिळणार हे पाहावे. राउटर आणि त्याच्या सोबतची फायबरची पेटी (बाहेरून आलेली फायबर जिच्यात शिरते ती) ही दोन्ही उपकरणे फारच कमी वीज घेतात, बहुतेक घरांत दोन्ही मिळून वीस वॉटच्या आतबाहेर. त्यामुळे घरात इन्व्हर्टर असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवरचा सॉकेट द्यावा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा देणारे उपकरण) घ्यावा, परंतु घेण्यापूर्वी राउटरच्या अॅडॅप्टरवर छापलेले आकडे वाचावेत. बहुतेक अॅडॅप्टर १२ व्होल्टचे असतात. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, आणि अँपिअर अॅडॅप्टरवर लिहिले आहेत तेवढे किंवा त्याहून अधिक हवेत. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा लागतो. एकालाच यूपीएस लावून दुसरे विसरले, तर भारनियमनाच्या वेळी वाय-फायचे नाव दिसते पण इंटरनेट चालत नाही.

येथे जोडणी घेण्यापूर्वी विचारण्याचा एक प्रश्न आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. तुमच्या घरापर्यंत येणारी फायबर थेट एक्स्चेंजमधून (कंपनीच्या केंद्रातून) स्प्लिटरद्वारे, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीद्वारे येते, की गल्लीतील एखाद्या घरात किंवा खांबावर ठेवलेल्या विजेवर चालणाऱ्या पेटीतून येते? पहिल्या पद्धतीत मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे सबंध गावाची लाइट गेली तरी एक्स्चेंजचा पुरवठा सुरू असेपर्यंत तुमचे इंटरनेट चालते. दुसऱ्या पद्धतीत गल्लीतली ती पेटी बंद पडली की तुमच्या घरच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग होत नाही. जिथे रोज काही तास वीज जाते, तिथे मी प्लॅनच्या वेगापेक्षा या उत्तराला अधिक महत्त्व देईन.

उन्हाळ्याचाही विचार करावा. घरगुती राउटर सामान्यतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. पत्र्याखालची हवा त्याहूनही तापते. म्हणून पत्र्याच्या घरात राउटर छताजवळ न लावता खांद्याच्या उंचीवर, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून दूर लावावा, आणि धूळ नको म्हणून त्यावर कापड किंवा प्लास्टिक झाकू नये. दुपारी वाय-फाय वारंवार तुटते आणि रात्री सुरळीत चालते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय उष्णतेचा घ्यावा.

वळवाच्या पावसात आणि मान्सूनच्या तोंडावर या भागात विजा मोठ्या प्रमाणात कोसळतात. फायबर काचेची असल्यामुळे तिच्यातून विजेचा प्रवाह येत नाही. मात्र खांबावरून आलेल्या वायरीला ताण सोसण्यासाठी पुष्कळदा पोलादी तार जोडलेली असते. ती तार घराबाहेरच हुकाला बांधून तोडलेली असावी आणि आत केवळ फायबर यावी, एवढे वायरमनकडून पाहून घ्यावे. राउटर जळण्याची कारणे बहुधा दोन असतात: विजेच्या मीटरकडून येणारा अचानक वाढलेला दाब, आणि गच्चीवरून किंवा अंगणातून नेलेली तांब्याची लॅन केबल (राउटरला दुसरी यंत्रे जोडणारी वायर). गडगडाट सुरू झाला की अॅडॅप्टर सॉकेटमधून उपसून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप परिसरातील विजांची सूचना देते, ते घरातील एकाच्या तरी मोबाइलवर असावे. गावात न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) तुटून दाब वाढण्याचे प्रकार होत असतील तर चांगले अर्थिंग आणि दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे साधन यांवर केलेला खर्च वाया जात नाही, कारण त्याने फ्रिज आणि टीव्हीही वाचतात.

वायर घरात येते तेव्हा

फायबरच्या वायरीला तीव्र वळण चालत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात ती काटकोनात दुमडली किंवा खिळ्याने आवळली की प्रकाश गळतो आणि वेग घटतो. वळण देताना त्याचा घेर किमान चहाच्या कपाएवढा राहील असे पाहावे. जास्तीची वायर कापू न देता तिची सैल गुंडाळी करून भिंतीवर अडकवावी, म्हणजे पुढे टोक खराब झाल्यास नवे टोक जोडता येते. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये, मुलांनाही तसे बजावून सांगावे. त्यातून येणारा लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण दृष्टीला अपाय करू शकतो.

ही वायर ज्या पेटीत शिरते तिला ओएनटी म्हणतात. ती प्रकाशाचे संकेत विद्युत संकेतांत बदलते, आणि आजकाल पुष्कळदा राउटर त्याच पेटीत असतो. तिच्यावरचा ‘पॉन’ (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा स्थिर हिरवा असावा. ‘लॉस’ किंवा ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही, आणि अशा वेळी सेटिंगमध्ये काहीही बदलून उपयोग नसतो. वायरमन जाण्यापूर्वी त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशाची पातळी विचारून लिहून ठेवावी. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) दरम्यान असेल तर चिंता नाही; उणे २७ च्या आसपास असेल तर वायर कुठेतरी दबलेली आहे किंवा सांधा नीट बसलेला नाही, आणि तो त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा.

फायबर नसलेल्या वस्तीवर किंवा शेतातल्या आखाड्यावर ५जीवर चालणारी जोडणी मिळू शकते. तिचे एक यंत्र गच्चीवर बसते आणि तेथून लॅन केबल खाली येते. घरातील जागेचे नियम तेच राहतात, मात्र विजांच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्यावी लागते.

राउटर सुरू करणे

राउटर वेगळा असेल तर ओएनटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या पोर्टमध्ये जाते. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. आधी ओएनटी सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर सुरू करावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर वाय-फायचे मूळ नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता छापलेला असतो. त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

मोबाइल त्या नावाला जोडल्यावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश येईल आणि मोबाइल आपोआप स्वतःच्या डेटाकडे वळेल. नवख्या माणसाचा गोंधळ नेमका इथे होतो. त्यासाठी मोबाइल डेटा तात्पुरता बंद करावा, ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत पट्टीवरील पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा (तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि उघडलेल्या पानावर अॅडमिनचे नाव व पासवर्ड द्यावा. हा अॅडमिनचा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे असतात. अॅडमिनचा पासवर्ड सर्वप्रथम बदलावा, कारण मूळ पासवर्ड त्या मॉडेलच्या सर्व राउटरवर सारखाच असू शकतो.

यानंतर जोडणीचा प्रकार निवडायचा असतो. ‘पीपीपीओई’ (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडण्याची पद्धत) असेल तर कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड अक्षर न चुकवता भरावे लागतात. ‘डायनॅमिक आयपी’ (राउटरला इंटरनेटवरचा पत्ता आपोआप मिळण्याची पद्धत) असेल तर काही भरावे लागत नाही. काही कंपन्या व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातील विभागाचा) क्रमांकही देतात. ही तिन्ही माहिती कागदावर लिहून, वायरमनकडून पडताळून, विजेच्या बिलांच्या फाइलीत ठेवावी. पुढे राउटर बदलायची वेळ आली की ती नसल्यामुळेच घरे दोन-दोन दिवस इंटरनेटविना राहतात. काही स्थानिक केबलचालक जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याशी (प्रत्येक यंत्राच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशी) बांधून ठेवतात, म्हणून सर्व काही बरोबर भरूनही नवा राउटर चालत नसेल तर त्यांना फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवून घ्यावा.

नाव, पासवर्ड आणि घराची सुरक्षा

वाय-फायच्या नावात आडनाव, घर क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक घालू नये, कारण ते नाव रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले आणि मध्ये एक-दोन अंक घातले, तर तो आजी-आजोबांच्याही लक्षात राहतो आणि ओळखणे अवघड जाते. स्वतःचा मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवणे ही सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक धोक्याची सवय आहे.

सुरक्षेच्या प्रकारात, म्हणजे वाय-फायवरची माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक करण्याच्या पद्धतीत, ‘डब्ल्यूपीए२’ आणि त्यासोबत ‘एईएस’ निवडावे. २०१८ मध्ये आलेला ‘डब्ल्यूपीए३’ अधिक मजबूत आहे, पण जुने मोबाइल त्याला जोडले जात नाहीत. राउटरमध्ये दोन्हींचा एकत्र पर्याय असेल तर तोच घ्यावा. ‘डब्ल्यूपीएस’ (वाय-फायचा पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे, कारण त्याच्या आठ अंकी पिनमधील कमकुवतपणा २०११ मध्येच उघड झालेला आहे. बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, तुम्हाला गरज नसेल तर बंदच ठेवावी.

शेजारधर्म म्हणून वाय-फायचा पासवर्ड सर्वांना देणे आपल्याकडे सहज घडते, आणि परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलाला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही. त्यासाठी राउटरमधील ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे, त्याला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो दर काही महिन्यांनी बदलावा. तुमच्या जोडणीवरून कोणी फसवणुकीचा प्रकार केला, तर चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावा.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ

आजचे बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सी बँडवर) चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून अधिक लांब जाते पण तिचा वेग कमी आणि गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आहे, मात्र दगडी भिंतीपुढे लवकर हार मानते. दोन्हींना एकच नाव द्यावे की वेगळे, याबद्दल मतभेद आहेत. जाड भिंतींच्या घरात आणि नवख्या माणसासाठी मी वेगळी नावे सुचवतो: राउटरच्या खोलीतील टीव्ही व लॅपटॉप ५ वर, आतल्या खोल्या आणि अंगण २.४ वर. सीसीटीव्ही कॅमेरे आणि स्मार्ट प्लग बहुधा २.४ लाच जोडले जातात, त्यामुळे ते बसवतानाही वेगळे नाव सोयीचे पडते. दाट वस्तीत २.४ चा चॅनेल (पट्टीतील एक भाग) १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो निवडावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. अँटेना सरळ उभ्या ठेवल्या की संकेत त्याच मजल्यावर पसरतो; वरच्या मजल्यासाठी एक अँटेना आडवी करून पाहावी.

एवढे करूनही एखादी खोली कोरडीच राहिली तर रिपीटर घेण्याची घाई करू नये, कारण साधा रिपीटर ऐकणे आणि पुढे पाठवणे एकाच पट्टीवर करत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा घराच्या आतून लॅन केबल नेऊन त्या खोलीत दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट फक्त वाय-फायने पसरवण्यासाठी लावावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

वेग तपासणे आणि तक्रार नोंदवणे

प्लॅनवरचा वेग मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडचा आकडा पुष्कळदा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास मिळणे हे योग्यच आहे. खरा वेग पाहायचा तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून, इतर उपकरणे बंद ठेवून पाहावा. प्लॅन ३०० चा असूनही आकडा ९५ च्या पुढे सरकतच नसेल, तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलमधील तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली आहे. केबलने वेग पूर्ण मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, तर दोष जागेचा किंवा पट्टीचा आहे. केबलनेही मिळत नाही, तेव्हाच कंपनीला फोन करावा.

फोन करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता कोणता दिवा कसा दिसतो, त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी होतो आणि केबलने किती वेग मिळाला हे सांगावे, व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. उसाच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर आडव्या आलेल्या वायरी तुटतात, तेव्हा बाहेर जाऊन खांबापर्यंतची वायर एकदा नजरेखाली घालावी. सेवाकेंद्रातून कोणी टाचणीने ‘रीसेट’ करण्यास सांगितले तर पीपीपीओईचा कागद हाताशी असल्याशिवाय तसे करू नये. बंद करून पुन्हा सुरू केल्याने सेटिंग तशीच राहतात, पण त्या बारीक छिद्रातले बटण दहा सेकंद दाबले की सर्व पुसली जातात. ओएनटी किंवा राउटर बदलून मिळालाच, तर नव्यावरही वाय-फायचे नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच ठेवावेत, म्हणजे घरातील मोबाइल, टीव्ही आणि कॅमेरे आपोआप जोडले जातात.